सुई द्यायला परवानगी आहे, पण अटी वाचल्यात का?

बोरू (धागाकर्ता)

चार वर्षं मी सुया मोजल्या. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका प्रकल्पात नोंदी ठेवायचं काम होतं माझं. ना डॉक्टर, ना समुपदेशक, नुसता रजिस्टरवाला. नव्या सुया किती गेल्या, वापरलेल्या किती परत आल्या, माणसं किती आली, एवढंच लिहायचं. व्यसनावर मोठमोठं बोलायचा मला अधिकार नाही. सरकारी अटींवर मात्र आहे, कारण त्या मी रोज हाताने भरल्यात.

हार्म रिडक्शन हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा माणूस आज नशा सोडणार नाही हे मान्य करायचं, आणि सोडेपर्यंत तो एचआयव्हीने, हेपॅटायटिस सीने किंवा ओव्हरडोसने जाणार नाही एवढं बघायचं. त्यासाठी स्वच्छ सुया-सिरिंज द्यायच्या. हेरॉइनच्या जागी ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी किंवा प्यायचं मेथाडोन द्यायचं (याला ओएसटी म्हणतात). ओव्हरडोस झालाच तर नॅलोक्झोन हे उताऱ्याचं औषध. काही देशांत नर्सच्या डोळ्यांसमोर टोचून घेता येईल अशी खोलीही असते. याचा उपयोग होतो का, हा वाद मला इथे नको आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या) ओएसटीमुळे हेपॅटायटिस सी लागण्याचा धोका निम्म्यावर येतो, आणि जोडीला भरपूर सुया मिळाल्या तर तो सुमारे ७४ टक्क्यांनी घटतो. माझ्यापुरतं एवढं पुरे.

मला बोलायचंय ते बंदी आणि परवानगी यांच्या मधल्या जागेबद्दल. ती जागा अटींची.

दुसऱ्या वर्षी आम्हाला वरून विचारणा झाली, परत येणाऱ्या सुयांचं प्रमाण इतकं कमी का? प्रश्न रास्तच होता. त्यावर तोडगा म्हणून नियम आला : जितक्या जुन्या आणाल तितक्याच नव्या मिळतील. तीन आणल्या, तीन घ्या. रिकाम्या हाताने आलात तर तसेच परत जा. पुढच्या तिमाहीत आमचा परतीचा रकाना इतका देखणा झाला की पाहणीला आलेल्या साहेबांनी त्याचा फोटो काढून नेला. 'आलेल्या व्यक्ती' हा रकाना त्याच पानावर चार बोटं पलीकडे होता. तो चांगलाच खाली आला होता. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

येणार कसे? उघड्यावर राहणाऱ्या माणसाने वापरलेली सुई खिशात घालून फिरायचं म्हणजे वाटेत झडती झाली तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच बाळगायचा. म्हणून तो ती जिथल्या तिथे टाकतो आणि आमच्याकडे मोकळा येतो. आम्ही त्याला परत पाठवतो. संध्याकाळी तो दुसऱ्याची वापरतो. यात कोणीही नियम मोडलेला नाही बरं का!

हिशेब साधा आहे. दिवसातून तीनदा टोचणाऱ्याला वर्षाला हजारावर सुया लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं उद्दिष्ट आहे माणशी वर्षाला ३००, म्हणजे या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही ते पोचत नाही. आणि आपण त्यातही एकास एक करत बसलो.

वाचत गेलो तसं कळलं की हे फक्त आमच्याकडचं नाही. अमेरिकेत १९८८ पासून केंद्र सरकारचा पैसा सुयांच्या कार्यक्रमांना वापरायला बंदी होती. २००९ मध्ये ती उठली, २०११ मध्ये परत आली. २०१५ च्या अखेरीस एक मधला मार्ग निघाला : त्या पैशातून पगार द्या, गाडी घ्या, चाचण्या करा, फक्त सुई घेऊ नका. सुयांच्या कार्यक्रमात सुई सोडून सगळं!

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 'इनसाइट' ही देखरेखीची खोली २००३ मध्ये सुरू झाली, तीही अमली पदार्थ कायद्यातून विशेष सूट घेऊन. पुढे केंद्रातल्या सरकारला ती सूट चालू ठेवायची नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये ९ च्या ९ न्यायाधीशांनी मंत्र्यांना सूट द्यायला लावली. झालं, जिंकले? २०१५ मध्ये सरकारने नवा कायदा केला. खोली उघडायला बंदी नाही, फक्त अर्जासोबत २६ अटींची पूर्तता करा. २०१७ मध्ये सरकार बदलल्यावर त्या २६ च्या ५ झाल्या. म्हणजे उरलेल्या २१ कशासाठी होत्या, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

तर प्रश्न असा : नियमन हवंच, पण कुठली अट कामाची आणि कुठली नुसती पाहुण्यांना दाखवायची?

नाकाडोळा

लेख चांगला लिहिलाय, पण मुळातच पटत नाही. करदात्यांच्या पैशाने गर्दुल्ल्यांना सुया वाटायच्या आणि वर अटीही नकोत? उद्या चोरांना हातमोजे वाटा, काचा लागून जखमा होतात बिचाऱ्यांना. मधुमेही माणूस इन्सुलिनच्या सुया स्वतःच्या पैशाने घेतो. त्याला कोण फुकट देतं?

वाटाड्या

मधुमेह्यांनाही फुकट मिळायला हव्यात, तो वेगळा धागा काढा, मी +१ द्यायला येतो. पण तुलना फसली आहे. मधुमेह्याने सुई घेतली नाही तर तो आजारी पडेल. याने दुसऱ्याची सुई घेतली तर तो, त्याची बायको आणि पुढे कदाचित त्यांचं मूल. एचआयव्हीची औषधं जन्मभर सरकारच पुरवतं. हिशेबच काढायचा तर तोही काढा.

आणि 'गर्दुल्ले' टाळता आला तर बघा.

नाकाडोळा

शब्दावरून सुरू झालात म्हणजे मुद्दा संपला.

तिसरी_घंटा

आपल्याकडच्या कायद्याबद्दल थोडं, कारण इथे बरेच जण हे सगळं बेकायदा चालतं असं धरून चालतात.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, कलम २७ आहे. अमली पदार्थाचं नुसतं सेवन हाही गुन्हा, आणि हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे : व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला तयार झाली तर ठरावीक गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण. २०१४ च्या दुरुस्तीने व्यसनाच्या उपचारांत 'व्यवस्थापन' हा शब्द आणला. शब्द छोटा, पण ओएसटीसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या औषधोपचाराला त्यामुळे कायद्यात पाय टेकायला जागा मिळाली.

खरा आधार आला २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात, कलम २२. लागण टाळण्यासाठीच्या उपायांना गुन्हा मानता येणार नाही की अडवता येणार नाही, असं ते म्हणतं. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कलमाखाली उदाहरणं दिली आहेत, आणि बोरू, तुमच्यासाठी गंमत त्यात आहे. एका उदाहरणात नोंदणीकृत सुई-बदल कार्यक्रमातली व्यक्ती नशा करणाऱ्याला स्वच्छ सुई देते, आणि तो तिच्या बदल्यात वापरलेली सुई देतो. दोघांवरही कारवाई होऊ शकत नाही.

बघा, संरक्षण देणाऱ्या उदाहरणातसुद्धा सुई 'बदल्यात'च आहे. उदाहरणामुळे कलमाची व्याप्ती कमी होत नाही हे वकिलाला कळतं. पण चौकीतला हवालदार आणि कार्यालयातला कारकून उदाहरणच वाचतात. आणि 'नोंदणीकृत' हा शब्दही विसरू नका. एका मित्राने दुसऱ्याला स्वतःजवळची नवी सुई दिली, तर तो या उदाहरणात बसत नाही.

बोरू (धागाकर्ता)

हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडचा नियम कुठून उगवला असेल याचा थोडा उलगडा झाला. 

मित्राने मित्राला देणं हेच तर सगळ्यात जास्त चालतं. केंद्रात येणारा एक असतो आणि त्याच्यामागे न येणारे चार. आमचे पीअर एज्युकेटर (नशा करणाऱ्यांमधलेच, पण आमच्यासाठी काम करणारे) सांगायचे, याला दहा द्या, तो वाटेल. मी लिहायचो 'एक व्यक्ती, दहा सुया', आणि तपासणीत विचारलं जायचं की एका माणसाला दहा कशाला.

पायवाट

मी वेगळ्या बाजूने लिहिते आहे, रागावू नका.

माझ्या मुलाला खेळाच्या मैदानाच्या कडेला सिरिंज सापडली. सहा वर्षांचा होता. टोपण नव्हतं. त्याला टोचली नाही हे नशीब. त्या रात्री मी त्याची बोटं एकेक करून बघितली. वापरणाऱ्याची अडचण मला कळते, पण तुमच्या लेखात ती सुई 'जिथल्या तिथे टाकतो' हे एका ओळीत उरकलंय. त्या 'जिथल्या तिथे'ला माझं मूल खेळतं. एकास एक नियमाने निदान सुया परत तरी येत होत्या ना?

बोरू (धागाकर्ता)

पायवाट, रागावण्यासारखं काही नाही. ती ओळ मी खरंच घाईत लिहिली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. टक्केवारी वाढली होती, सुयांची संख्या नाही. आधी समजा शंभर देऊन साठ परत यायच्या (आकडा समजावण्यापुरता घेतोय). नियमानंतर चाळीस देऊन चाळीस. साहेबांना शंभर टक्के दिसलं. मैदानाला वीस सुया जास्त मिळाल्या, कारण न येणारे लोक टोचायचे थांबले नव्हते. उरलेल्या साठ सुया बाहेरून मिळतील तशा आणून, वापरून, तिथेच टाकत होते. आधी चाळीस पडायच्या, आता साठ.

सुया परत येण्यासाठी कामाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. भोक न पडणारा छोटा डबा प्रत्येकाच्या हातात देणं. टोचायच्या जागांजवळ मोठा डबा ठेवणं. रोज सकाळी माणूस पाठवून जागा साफ करणं (आमच्याकडे हे पीअरच करायचे, चिमटा आणि जाड हातमोजे घेऊन). आणि वापरलेली सुई जवळ सापडली म्हणून कोणाला पकडायचं नाही, असा पोलिसांना लेखी आदेश. या चारांपैकी शेवटची मिळवायला सगळ्यात अवघड, आणि तिला खर्च शून्य.

एक_वाचक

वाचतोय. चर्चा चांगली चालली आहे.

दूरदेशी

पोलिसांचा मुद्दा निघालाच आहे तर स्कॉटलंडमधलं एडिंबरा आठवतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुयांवर कडक धोरण होतं. पोलीस सिरिंजा जप्त करत आणि दुकानांत विकत मिळणंही अवघड झालं होतं. हेतू असा की सुई नाही तर नशा नाही. झालं असं की एकेक सुई अनेकांत फिरली. १९८५-८६ च्या सुमारास तिथल्या एका दवाखान्यात टोचून घेणाऱ्यांच्या चाचण्या केल्या तेव्हा जवळजवळ निम्मे एचआयव्हीबाधित निघाले. त्याच देशातल्या ग्लासगोत प्रमाण त्या मानाने फारच कमी होतं.

आणि नंतरची उलटापालट बघा. २०१५ पासून ग्लासगोतच टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची साथ आली. शहराला देखरेखीची खोली हवी होती, पण अमली पदार्थांचा कायदा लंडनच्या हातात. कायदा तसूभरही बदलला नाही. शेवटी २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या लॉर्ड ॲडव्होकेटनी म्हणजे सर्वोच्च सरकारी वकिलांनी जाहीर केलं की त्या खोलीत अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल तिथल्या वापरकर्त्यांवर खटले भरणं लोकहिताचं नाही. तेवढ्या आधारावर जानेवारी २०२५ मध्ये खोली उघडली. कायदा तोच, फक्त तो कोणावर चालवायचा नाही हे एका जबाबदार माणसाने लिहून दिलं.

नाकाडोळा

म्हणजे कायदा आहे पण पाळायचा नाही. छान. आणि या खोल्यांमुळे आजूबाजूला काय होतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा.

दूरदेशी

विचारायलाच हवं, आणि ते फालतू आहे असं मी म्हणणार नाही. दाराबाहेर गर्दी होते, विकणारे घुटमळतात, हे अनेक ठिकाणी झालंय. पण 'आजूबाजूला काय होतं' याचं मोजमापही झालंय. इनसाइटपासून ५०० मीटरच्या आत ओव्हरडोसचे मृत्यू खोली सुरू झाल्यावर ३५ टक्क्यांनी घटले. उरलेल्या शहरात त्याच काळात ९ टक्क्यांच्या आसपास. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं.

शेजाऱ्यांची तक्रार ऐकायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सफाई, दारावर माणूस, शेजाऱ्यांसोबत महिन्याला बैठक. दुसरा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा : शाळा आणि पाळणाघरांपासून २०० मीटरच्या आत खोली नको, असा कायदा. त्याने मार्च २०२५ मध्ये बऱ्याच खोल्या बंद पडल्या. दाट शहराच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती २०० मीटरचं वर्तुळ काढून बघा, पांढरं किती उरतं ते. अंतराची अट दिसायला कोणालाही पटेल अशी असते, म्हणून ती सगळ्यात सोयीची.

पायवाट

२०० मीटर मला तरी जास्त वाटत नाही. खरं सांगते.

औषधवाला

मी काउंटरच्या मागचा माणूस. नियम काहीही म्हणो, शेवटी सुई द्यायची की नाही हे दुकानात उभा असलेला मनुष्य ठरवतो. मी स्वतः कित्येकदा "नाही" म्हटलंय, समोरच्याकडे नुसतं बघून. माल समोरच होता. अभिमानाने सांगत नाही.

फ्रान्सचं उदाहरण इथे देण्यासारखं आहे. १९८७ मध्ये त्यांनी औषधाच्या दुकानातून सिरिंज विकायला मोकळीक दिली. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यावर ब्युप्रेनॉर्फिन कुठल्याही साध्या डॉक्टरला लिहून देता येईल अशी व्यवस्था केली. वेगळं प्रशिक्षण नाही, वेगळा परवाना नाही. १९९५ ते १९९९ या काळात हेरॉइनच्या ओव्हरडोसने होणारे मृत्यू ७९ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत मात्र त्याच गोळीसाठी २००० च्या कायद्याने डॉक्टरला वेगळी परवानगी घ्यायला लावली, वर सुरुवातीला एका डॉक्टरला ३० च रुग्णांची मर्यादा. वेदनाशामक म्हणून ओपिऑइड (अफूच्या जातीची औषधं) लिहायला अशी मर्यादा नव्हती, सोडवायच्या औषधाला होती! ती परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, म्हणजे बावीस वर्षांनी.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर नाकाडोळा सांगतील. फ्रान्समध्ये गोळी विरघळवून टोचणारेही निघाले, आणि काळ्या बाजारातही ती आली. सैल नियमांची किंमत असते.

पुन्हा_उभा

मी इथे फार लिहीत नाही. दहा वर्षं टोचत होतो. आता आठ वर्षांवर ओएसटीवर आहे. नाव विचारू नका.

औषध रोज केंद्रात जाऊन, समोर उभं राहून घ्यायचं. गोळी चुरून जिभेखाली घालतात, विरघळेपर्यंत बसवून ठेवतात, मग तोंड उघडून दाखवायचं. सुरुवातीला हे बरोबरच होतं. मला स्वतःवर भरवसा नव्हता, त्यांनी का ठेवावा? पण तीन वर्षांनीही तेच. केंद्र सकाळी उघडायचं आणि माझी पाळी सकाळची. मुकादमाला काय सांगणार? दोन नोकऱ्या त्यात गेल्या. एकदा गावाला मयत झालं, जाऊ शकलो नाही, कारण तीन दिवस औषध नाही म्हणजे टर्की. अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, पोटात पिळवटतं. त्या अवस्थेत माणूस केंद्राकडे जात नाही, जुन्या अड्ड्याकडे जातो.

२०२० च्या टाळेबंदीत एकदम घरी न्यायला औषध मिळायला लागलं. काल ज्याच्यावर विश्वास नव्हता तोच मी. काही जगबुडी झाली नाही. मी कामाला लागलो, अजून त्याच कामावर आहे.

बोरू (धागाकर्ता)

हे लिहिल्याबद्दल आभार. अमेरिकेतही तेव्हाच असं झालं. मेथाडोनच्या स्थिर रुग्णाला २८ दिवसांपर्यंतचं औषध घरी द्यायची मुभा मिळाली, आणि २०२४ च्या नियमांत ती कायमची झाली. त्याआधी मूळ चौकट १९७० च्या दशकातली होती. म्हणजे इतकी वर्षं जी अट रुग्णाच्या जिवासाठी म्हणून होती, ती एका साथीत सैल केली आणि मग लक्षात आलं की तिची एवढी गरज नव्हती.

नाकाडोळा

पुन्हा_उभा, तुमच्याबद्दल आदर आहे, मनापासून. पण एक विचारतो, टोमणा नाही. घरी नेलेली गोळी विकली जात नाही?

पुन्हा_उभा

जाते. मी दोनदा विकली आहे.

एकदा पैशांसाठी. दुसऱ्यांदा ज्याला दिली तो आमच्याच केंद्रात नाव घालायला गेला होता. कागदपत्रं पुरी नाहीत म्हणून परत आला. ओळखपत्र चोरीला गेलेलं, पत्ता नाही. तो बाहेर टर्कीत बसला होता. मी त्याला अर्धी विकली आणि अर्धी तशीच दिली. तुम्ही याला गुन्हा म्हणा, कायद्याने आहेच.

नाकाडोळा

उत्तर प्रामाणिक आहे. जरा विचार करतो.

तिसरी_घंटा

ओळखपत्राची अट सगळीकडे सापडते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २०२१ मध्ये कायदा केला : सुया वाटणाऱ्या कार्यक्रमाला परवाना हवा, स्थानिक प्रशासनाची संमती हवी, घेणाऱ्याकडे त्याच राज्याचं ओळखपत्र हवं, आणि उद्दिष्ट एकास एकचं. त्याच वेळी त्या राज्याच्या एका भागात टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची साथ चालू होती. कायद्यात 'बंदी' हा शब्द शोधून सापडणार नाही.

रोखठोक

एवढं सगळं कशाला. तुरुंगात टाका, आपोआप सुटतं.

दूरदेशी

रोखठोक, तुरुंगात अमली पदार्थ पोचतात हे तुरुंग चालवणारेच मान्य करतात. सुई मात्र एखादीच पोचते, आणि ती अनेकांत फिरते. स्वित्झर्लंडने १९९४ मध्ये हिंडेलबांक इथल्या महिला तुरुंगात सुया बदलून द्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने. स्पेनने १९९७ पासून. भीती अशी की कैदी सुईचं हत्यार करतील. त्या कार्यक्रमातल्या सुया अधिकाऱ्यांवर चालवल्या गेल्या असा अनुभव तिथे आला नाही. उलट झडती घेताना लपवलेली सुई हाताला लागायचा धोका कमी झाला, कारण सुई कुठे ठेवायची ते ठरलेलं असतं.

रोखठोक

स्वित्झर्लंडची गोष्टच वेगळी, पैसेवाले लोक.

दूरदेशी

पैसेवाल्यांनी आधी दुसरा मार्गही करून बघितला. झुरिकच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत सगळ्यांना एकत्र येऊ दिलं, हाताबाहेर गेलं, तेव्हा १९९२ मध्ये बाग बंद केली. लोक जवळच्या लेटन स्थानकावर गेले. १९९५ मध्ये तेही बंद केलं, पण तोवर सुया, मेथाडोन, आणि निवडक रुग्णांना डॉक्टरच्या देखरेखीखाली हेरॉइनसुद्धा, अशी व्यवस्था उभी राहिली होती. पोलीसही त्या व्यवस्थेत होतेच, फक्त एकटे नव्हते. २००८ मध्ये यावर सार्वमत झालं आणि ६८ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं. लोकांना विचारलं की लोक विरोधातच जातात, हे नेहमी खरं नसतं.

कधी कधी असतं म्हणा. अमेरिकेतल्या इंडियानात स्कॉट काउंटी नावाचा छोटा भाग आहे. वस्ती २४ हजारांच्या आसपास. २०१५ मध्ये तिथे सुया वाटून वापरल्यामुळे एचआयव्हीची साथ आली, दोनशेच्या घरात लोक बाधित झाले. राज्यात सुया वाटायला मनाई होती. मार्चमध्ये गव्हर्नरना आणीबाणी जाहीर करून परवानगी द्यावी लागली. साथ आटोक्यात आली. २०२१ मध्ये काउंटीच्या तिघा आयुक्तांनी २ विरुद्ध १ मतांनी तोच कार्यक्रम गुंडाळायचं ठरवलं. तोवर साथ ओसरली होती.

वाटाड्या

छत्री होती म्हणून भिजलो नाही, मग छत्री कशाला, असा प्रकार.

समईवात

सगळी चर्चा पुरुषांची चालली आहे म्हणून एक भर. मी बायकांबरोबर काम केलंय. त्यांची अडचण नियमात लिहिलेलीच नसते. केंद्रात सगळे पुरुष, तपासायला पुरुष, वेळ स्वयंपाकपाण्याची. आणि नाव नोंदवलं तर मूल काढून घेतील ही भीती. म्हणून ती येत नाही, नवरा आणून देतो, आणि टोचतोही तोच. आधी स्वतःला, मग त्याच सुईने तिला. रजिस्टरमध्ये तो एक 'व्यक्ती', ती कुठेच नाही.

अठराच्या खालची मुलं हा दुसरा खड्डा. पालकांची संमती आणा म्हणायचं, आणि मूल घर सोडून पळालेलं असतं.

बोरू (धागाकर्ता)

समईवात, चार वर्षांत 'स्त्री' या रकान्यात मी किती वेळा शून्य लिहिलं हे आत्ता आठवून कसंतरी झालं.

मला कुठल्या अटी हव्यात असं दोघातिघांनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलं. टोकदार कचऱ्याचे नियम कडकच हवेत. पांढरा अर्धपारदर्शक, भोक न पडणारा डबा, तो कोणी कधी नेला याची सही, यात मी एक मिलिमीटर सूट देणार नाही. औषधाचा साठा रोज मोजला पाहिजे. मेथाडोनची पहिली मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखालीच, कारण सुरुवातीच्या दिवसांत जास्त झाली तर माणूस झोपेत जातो. कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बी ची लस, हेही सक्तीचं. थोडक्यात, वस्तूंवर हवे तितके नियम घाला. माणूस दारात आला की मात्र कागद कमी करा. त्याच्याकडून जेवढं विचाराल तेवढे लोक दाराबाहेर राहतात, हे मी रकान्यांमध्ये बघितलंय.

आणि घरी न्यायच्या औषधाबद्दल नाकाडोळांचा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. पहिले काही महिने रोज समोर, मग हळूहळू घरी, आणि ते वाढवायचं की नाही हे तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं, छापील परिपत्रकाने नाही. तरी थोडं विकलं जाईलच.

नाकाडोळा

वस्तूंवर नियम, माणसावर कमी, हे निदान समजण्यासारखं आहे. फुकट सुयांबद्दल माझं मत अजून तेच. पण पोलिसांनी वापरलेल्या सुईवरून पकडू नये हे मान्य, कारण त्यामुळे ती मैदानात पडते. त्यात माझाच तोटा आहे.

पायवाट

बोरू, एक साधा प्रश्न राहिला. पुन्हा सापडली तर मी नेमकं काय करायचं? मागच्या वेळी मी ती काठीने गटारात ढकलली.

बोरू (धागाकर्ता)

गटारात नको, सफाई कामगाराच्या हाताला लागेल. मुलांना आधी लांब करा. टोपण सापडलं तरी बसवायला जाऊ नका, अनेकांना टोचते ती तेव्हाच. जाड प्लास्टिकची, झाकण असलेली बाटली किंवा डबा सुईजवळ जमिनीवर ठेवा, हातात धरू नका. चिमट्याने सिरिंज मधोमध उचला, टोक खाली ठेवून आत टाका, झाकण घट्ट लावा, वर 'सुई' असं लिहा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात द्या, त्यांच्याकडे टोकदार वस्तूंचा वेगळा डबा असतोच.

आणि कोणाला टोचलीच तर पिळून रक्त काढू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. एचआयव्हीची लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, पहिल्या काही तासांत केली तर उत्तम. हेपॅटायटिस बी ची लस झाली आहे का तेही विचारतील, मुलाचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.

पायवाट

लिहून फ्रिजवर लावलं. चिमटा आणावा लागेल.